मोठ्या आवाजात फाटतो

माझ्या मोठ्या भावाचा डावा कान जात होता आणि मी त्याचा कीबोर्ड दुरुस्त करत होतो. बावीस दिवस. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी काय काय शक्कल लढवली ते वाचताना कुणाला माझं कौतुक वाटायला नको.

शहाद्याजवळ लोणखेड्याला रस्त्यालगत माझं छोटं दुकान आहे. मिक्सर, होम थिएटर, माइक, अॅम्प्लिफायर, झालंच तर पंख्याचे रेग्युलेटर. आयटीआय करून आल्यापासून हेच. तोंडाचा मी फटकळ आहे. गिऱ्हाईक मशीन टेबलावर ठेवून स्वतःच बिघाड सांगायला लागलं की माझं डोकं सटकतं. तुम्हाला एवढं कळतं तर इथे कशाला आलात, असं मी कित्येकांना तोंडावर विचारलंय. पण दादाला कधी विचारलं नाही. आवाजाच्या बाबतीत दादा म्हणेल ते आमच्या घरात शेवटचं असायचं.

दादा बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचा. मिसरूड फुटायच्या आधीपासून. आमच्याकडची बँडची गाडी ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगतो: टेम्पोवर चहूबाजूंनी माणसाच्या उंचीचे स्पीकरचे बॉक्स, मागे जनरेटर, आणि मधल्या खोबणीत कीबोर्डवाला बसलेला. वरात पुढे नाचते आणि हा सात-आठ तास त्या खोबणीत असतो. दादाने त्या खोबणीत बसून अर्ध्या जिल्ह्याची लग्नं लावली. सपाटीवरच्या गावांत एक चाल, डोंगरालगतच्या पाड्यांवर टिमलीची, म्हणजे आदिवासी नाचाची, वेगळी चाल, सगळं डोक्यात. गाणं एकदा कानावर पडलं की दुसऱ्या दिवशी बोटांत. गायकाचा सूर पाव पट्टी खाली आला तरी त्याची मान वर व्हायची. वडील म्हणायचे, कान देवाने मोठ्याला दिला आणि हात धाकट्याला. मला त्याचं वाईट वाटायचं नाही. खरं तेच ते बोलत होते.

तुळशीचं लग्न होऊन लगीनसराई सुरू झाली त्याच आठवड्यात दादा कीबोर्ड काखेत मारून दुकानात आला. म्हणाला, "आवाज फाटी ऱ्हायना. आनि मांगेतून एको येस." एको म्हणजे सूर संपल्यावर मागे रेंगाळणारा नाद. बँडवाल्यांचा तर जीव असतो त्याच्यात. एको नसला तर गाणं कोरडं लागतं म्हणतात, आणि दादाच्या कीबोर्डवर तो कायम मोठ्या हॉलच्या सेटिंगवर असायचा. त्या बटणाला कुणी हात लावू नये म्हणून त्याने वरून चिकटपट्टी लावली होती. असा माणूस आयुष्यात पहिल्यांदा म्हणत होता की एको नको. तिथेच मला थांबायला हवं होतं. मी नाही थांबलो. मी पेचकस काढला.

जाता जाता तो आणखी एक बोलला होता. कान बी जरासा बंद शे, म्हणाला. दोन दिवसांपूर्वी सकाळी उठला तर डाव्या कानाला दडे बसलेले आणि आत बारीक शिट्टी. आईने लसूण घालून तेल कोमट केलं आणि चार थेंब सोडले. मी म्हटलं, कापसाचा बोळा आत राहिला असेल, काढून टाक. बँडवाले कानात कापूस घालतात, त्यामुळे कानाची तक्रार आमच्याकडे रोजचीच. विषय तिथेच संपला आणि आम्ही दोघं परत कीबोर्डवर वाकलो.

पहिल्या दिवशी दोष लगेच सापडला, आणि तेच वाईट झालं. त्याचा मूळ अडॅप्टर कधीच हरवला होता. कुठल्या तरी दुसऱ्याच वस्तूचा अडॅप्टर पिना वाकवून बसवला होता, आणि तो लावला की बारीक हुंकार येत होता. मी नवा दिला, चार शिव्या दिल्या. एको मेनूमध्ये जाऊन शून्यावर आणला. दुकानात वाजवून बघितलं, आवाज साफ. दादाही म्हणाला, आते बरं शे.

इथे दुकानातल्या वाजवण्याबद्दल सांगायला हवं. माझ्या भिंतीला लागून अभ्यासिका आहे. कॉलेजची आणि भरतीची तयारी करणारी पोरंपोरी तिथे दिवसभर पुस्तकात तोंड घालून बसतात. मी जरा आवाज वाढवला की कुणीतरी भिंतीवर थाप मारतं. त्यामुळे माझ्याकडे सगळं हळू आवाजात तपासायचं, अशी सवयच पडलेली. दादा यायचा, स्टुलावर बसायचा, हळू आवाजात दोन ओळी वाजवायचा, मान डोलवायचा आणि जायचा. मग गाडीवर चढला, बॉक्स सुरू झाले, की फाटलं. घरी पूर्ण आवाजात सराव केला तरी फाटायचं. दुसऱ्या दिवशी हा परत दारात.

मी रजिस्टरला एक ओळ लिहिली: कमी आवाजात साफ, मोठ्या आवाजात फाटतो. माझ्या धंद्यातल्या कुठल्याही माणसाला ही ओळ दाखवा, तो झोपेत सांगेल. स्पीकरचा कागद तरी गेलाय, नाहीतर आतल्या अॅम्प्लिफायरला जोर पेलवत नाही. दुसरं काही असूच शकत नाही. मीही तेच म्हटलं.

खोलला. आत काय नव्हतं! वरातीतल्या अक्षता, हळद, गुलालाचा थर, फुलाच्या वाळक्या पाकळ्या. आवाजाच्या पट्टीत गुलाल जाऊन बसला होता, ती सरकवली की खरखर. ती धुतली. एका स्पीकरच्या कागदाला केसाएवढी चीर होती. मला इतका आनंद झाला की मी दादाला फोन करून सांगितलं, सापडलं म्हणून. स्पीकर शहाद्यात मिळेना, सुरतेहून मागवला. तो यायला पाच दिवस गेले. त्या पाच दिवसांत दादा बँडमालकाचा जुना कीबोर्ड घेऊन वाजवत होता आणि तोही फाटतो म्हणत होता. मी म्हटलं, त्या खटाऱ्याचं काय सांगतोस.

आता लिहिताना माझे मलाच हात तोडावेसे वाटतात. दोन वेगळी मशीनं, एकच तक्रार. नवीन लागलेल्या पोराला सुद्धा यातून कळावं की दोष मशीनमध्ये नाही. मला कळलं नाही, कारण दुसरी शक्यता मनात यायला जागाच नव्हती. दादाचा कान चुकेल? सूर्य पश्चिमेला उगवेल पण ते नाही.

नवा स्पीकर बसवला. एक दिवस बरं. मग परत तेच, उलट आता म्हणे एकच पट्टी दाबली तरी दोन सूर येतात, एक खरा आणि त्याला चिकटून एक बेसूर. मला वाटलं, मेमरी बिघडली. मी त्याला न विचारता दोन पट्ट्या एकदम दाबून कीबोर्ड सुरू केला. असं केलं की मशीन कंपनीतून आल्यासारखं कोरं होतं. त्यात दादाने वर्षानुवर्षं जुळवलेले सूर होते. मुलीच्या पाठवणीला तो एक सनईसारखा सूर लावायचा. तो बाजारात कुठे मिळत नव्हता. त्याने स्वतः बासरी आणि क्लॅरिनेट एकमेकांत मिसळून केला होता. तो लागला की बायका पदर डोळ्यांना लावायच्या, आणि वऱ्हाडातले रगेल बाप्ये सुद्धा बिडी विझवायचे. तो गेला. सगळंच गेलं. मी सांगितलं तेव्हा दादाने पट्ट्यांवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाला, करी लिसू परत. मला वाटलं होतं तो एक कानाखाली काढेल. काढली असती तर बरं झालं असतं.

मधल्या काळात मी एकदा अभ्यासिकेला सुट्टी होती तेव्हा पूर्ण आवाजात वाजवून पाहिलं. मला आवाज काचेसारखा साफ ऐकू आला. मी काय केलं माहीत आहे? मी स्वतःच्या कानावर विश्वास ठेवला नाही. म्हटलं, आपल्याला कुठे कळतंय, दादाला जे ऐकू येतं ते आपल्याला येत नसेल. आणि मी आतले सगळे जुने कपॅसिटर बदलायला घेतले. बँडमधल्या बाकीच्यांना विचारावं, असंही एकदा मनात आलं. दादा म्हणाला, "त्यासले कान शेतस का?" मी हसलो. आम्ही दोघंही हसलो.

बँडमालक मात्र हसत नव्हता. दादा चालू गाण्यात थांबायला लागला होता. गायकाने सूर धरला की हा दुसऱ्याच पट्टीवर, मग चाचपडत परत. एका नवरदेवाच्या मामाने भर वरातीत गाडी थांबवून आईवरून शिवी दिली. दादाने घरी येऊन ते सांगितलं नाही, वहिनीला दुसरीकडून कळलं. मालकाने सांगितलं होतं की पुढच्या लग्नापर्यंत मशीन ठीक कर, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो. दादाला दुसरं काही येत नव्हतं. शेत नाही, शिक्षण सातवी. त्याला कीबोर्डच्या खोबणीतून उठवलं तर तो कुठे बसेल, हे मला कळत होतं. म्हणून मी जास्तच पिसाळलो त्या मशीनच्या मागे. बायको म्हणाली, भाऊजींना एकदा डॉक्टरकडे न्या, ते टीव्हीचा आवाज फार वाढवायला लागलेत म्हणे. मी तिच्यावर खेकसलो. म्हटलं, तू चपात्या बघ.

बाविसाव्या दिवशी पुरुषोत्तमनगरच्या बाजूला एक लग्न होतं. मी दुकान बंद ठेवून गाडीवरच गेलो. म्हटलं, आज जनरेटरपासून धरतो, बघू कुठे घोडं पेंड खातंय. दुपारची वेळ, गाडी कडुनिंबाखाली उभी, वऱ्हाड जेवायला बसलेलं. मी गाडीवरच्या साउंड मिक्सरची आवाजाची सगळी बटणं खाली आणली, वायरी एकेक काढून लावल्या, बॉक्स बंद केले. कीबोर्डला थेट माझा हेडफोन लावला आणि दादाच्या डोक्यावर चढवला. म्हणजे मध्ये आता काहीच नाही. एक पट्टी दाबून धरली, आवाज वाढवला. फाटतोय का? हो. कुठल्या बाजूला? डाव्या.

एका बाजूलाच दोष असेल तर आमच्या धंद्यात एक साधी गोष्ट करतात. डावी-उजवी अदलाबदल करायची. दोष वायरीबरोबर दुसरीकडे गेला तर वायर खराब. जागचा हलला नाही तर वायर चांगली, दोष पुढच्या वस्तूत. मी शिकाऊ असताना पहिल्या आठवड्यात हे शिकलो. गेले बावीस दिवस मी ते केलं नव्हतं, कारण स्पीकर आतून सोल्डर केलेले होते आणि मला सरळ नवा टाकायची घाई होती.

मी दादाच्या डोक्यावरचा हेडफोन काढला, फिरवला, आणि उलटा घातला. डावा उजव्या कानावर, उजवा डाव्या कानावर. तीच पट्टी दाबली.

"आते?"

"आते बी डावाकडेच."

मी परत फिरवला. परत तेच. मग मी उजवी बाजू त्याच्या कानावरून उचलून माझ्या कानाशी धरली आणि फक्त डावीकडे हळू आवाजात वाजवत राहिलो. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, मी कधी सुरू करतो याची वाट बघत. मी पट्टी दाबलेलीच होती. माझ्या कानाशी दाबून धरलेल्या बाजूतून मला तो सूर ऐकू येत होता.

"वाजाड ना," दादा म्हणाला.

मी हेडफोन काढून गळ्यात घातला आणि खाली उतरून टेम्पोच्या चाकाला टेकून उभा राहिलो. मंडपातून बुंदीचा वास येत होता. दादा वरून विचारत होता, काय झालं, सापडलं का. मी म्हटलं, सापडलं. त्या दिवशीची वरात त्याने वाजवली. मी त्याला थांबवू शकलो नाही, आणि खोटं कशाला बोलू, मालकाला काय सांगायचं हे मला सुचलंही नाही. मी सबंध वाट गाडीमागे चालत गेलो.

दुसऱ्या दिवशी नंदुरबारला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दादाला काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, डोक्यावर हेडफोन, हातात बटण. ऐकू आलं की दाबायचं. मी बाहेर डॉक्टरांशेजारी उभा. उजव्या कानाला तो पटापट दाबत होता, अगदी वाजवताना बोटं चालावीत तसा. डाव्याला लागल्यावर हात बटणावर तसाच राहिला. तो काचेतून आमच्याकडे बघत होता.

डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधीपासून? मी सांगितलं. ते कागदावर लिहिता लिहिता थांबले. म्हणाले, "अहो, हा कान अचानक गेलेला आहे. असं होतं तेव्हा पहिल्या आठवड्यात यायला लागतं. तेव्हा गोळ्या सुरू केल्या असत्या तर पुष्कळदा कान परत येतो. एवढे दिवस काय करत होतात?"

मी म्हटलं, लगीनसराई होती.

ते म्हणाले, आताही गोळ्या देतो, कानात इंजेक्शनं देऊन बघू, पण फार आशा धरू नका. बँडच्या आवाजाने झालं का, असं मी विचारलं. कुणीतरी हो म्हणावं अशी माझी इच्छा होती. ते म्हणाले, बँडने कान हळूहळू झिजतो आणि बहुतेक दोन्ही झिजतात. हे तसं नाही. हे कुणालाही होऊ शकतं. वेळ गेली, इतकंच.

दादा खोलीतून बाहेर आला. चपला शोधत शोधत त्याने मला विचारलं, "काय सांगं डाक्टरनी?"

मी त्याच्या उजव्या बाजूला गेलो. म्हटलं, "बँडना आवाजमुये शे. आज ना उद्या व्हनारच व्हतं."

तो मान हलवत राहिला. मग म्हणाला, हां, बँडवाल्यांचं असंच असतं.

गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. सुरतेलाही नेऊन आणलं. कान आला नाही. उजव्या कानावर वाजवून पाहिलं त्याने महिनाभर, पण डाव्यात जे काही उरलं होतं ते मोठ्या आवाजात मध्ये बेसूर घुसायचं. मालकाने दुसरा माणूस घेतला. त्याला मी दोष देत नाही. दादाने कीबोर्ड कपड्यात गुंडाळून कपाटावर ठेवला. वहिनी आता शिवणकाम जास्त घेते, आणि दादा माझ्या दुकानात गिऱ्हाइकांच्या वस्तू घेणं-देणं बघतो. त्याला मीच बोलावलं. घरातले म्हणतात, भाऊ असावा तर असा.

होळीला तो दरवर्षी काठी गावाला जायचा, नुसता ढोल ऐकायला. या वर्षीही गेला, मी बरोबर होतो. संध्याकाळी डोंगरातल्या वाटांनी गावागावाचे ढोल येत होते. पूर्वी तो डोळे मिटून सांगायचा, हे या वाटेने येतायत, ते मागून, ते अजून नदीपलीकडे आहेत. या वेळी तो उभ्या जागी फिरत राहिला. आवाज येतोय पण कुठून, ते एका कानाने कळत नाही. शेवटी माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला आणि मी बोट करेन तिकडे बघत राहिला. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

खरं सांगायचं मी कितीदा ठरवलं. एकदा तर शब्दही जुळवले होते. पण दुकानात बँडची नवी पोरं येतात, माइक नाहीतर मिक्सर घेऊन, आणि दादा त्यांना आधी दम देतो की कानात नीट कापूस घाला रे, माझं झालं तसं होईल. मग तो माझ्याकडे हात करतो. मी मान खाली घालून सोल्डर करत असतो. तो आता जरा मोठ्यानेच बोलतो, अभ्यासिकेतून भिंतीवर थाप पडते, ती त्याला ऐकू येत नाही.

"सोताना काम सोडीसन मन्हा कीबोर्ड धरी बसना मन्हा भाऊ," तो सांगतो. "असा भाऊ कोनले मियस?"

पोरं माझ्याकडे बघतात. मी सोल्डर करत राहतो.